अणुकचरा, सिमेंट आणि तीनशे वर्षांची राखण

अणुऊर्जेविषयी आपल्याकडे चर्चा होते ती बहुधा अणुभट्टीपाशी सुरू होते आणि अणुबाँबपाशी संपते. १९७४ आणि १९९८ च्या पोखरण चाचण्यांनी देशाची मान उंचावली. तारापूर, रावतभाटा, कल्पाक्कम, काक्रापार, कैगा ही नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक झाली. परंतु भट्टी पेटली की मागे काहीतरी उरते, आणि जे उरते त्याची पुढे काय व्यवस्था होते, हा प्रश्न आंदोलनाच्या व्यासपीठावरूनच काय तो ऐकू येतो. जैतापूरच्या वादात तो मोठ्या आवाजात विचारला गेला. विचारणाऱ्यांपैकी अनेकांना उत्तर ऐकून घेण्याची निकड नव्हती आणि उत्तर देणाऱ्यांनी 'काळजी नसावी' एवढ्यावर बोळवण केली. त्यामुळे माडबनच्या शेतकऱ्याच्या किंवा साखरी नाट्याच्या मच्छीमाराच्या पदरात दोन्ही बाजूंकडून काहीच पडले नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे त्या राहून गेलेल्या उत्तराचा एक भाग होय. विषय वरकरणी अगदी रूक्ष आहे : किरणोत्सारी कचरा सिमेंटमध्ये कोंडून ठेवणे.

हे कोंडणे कशासाठी, हे समजून घ्यायचे तर ब्राझीलमधील गोयानिया या शहरातील घटना पाहावी. १९८७ च्या सप्टेंबर महिन्यात तेथील एका ओस पडलेल्या दवाखान्यातून कर्करोगावरील किरणोपचाराच्या यंत्राचा भाग दोघांनी भंगार म्हणून उचलून नेला आणि फोडला. आत सीझियम क्लोराईडची भुकटी होती, सुमारे ९३ ग्रॅम. आपल्या भाषेत सांगायचे तर दीड-दोन मुठी मीठ. अंधारात ती निळसर चमके. भंगारवाल्याने ती कौतुकाने घरी ठेवली, नातेवाइकांना, मित्रांना चिमूट चिमूट वाटली. एका सहा वर्षांच्या मुलीने ती अंगाला लावली आणि त्याच हातांनी जेवली. त्या मुलीसह चार जण मृत्युमुखी पडले, २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात किरणोत्सारी द्रव्य आढळले, १ लाख १२ हजारांहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. घरे पाडावी लागली, माती खरवडावी लागली, आणि त्या ९३ ग्रॅम भुकटीपासून सुमारे ३,५०० घनमीटर कचरा निर्माण झाला.

येथे लक्षात घ्यायचे ते हे की अनर्थ सीझियममुळे झाला, तेवढाच तो त्याच्या रूपामुळेही झाला. ते मिठासारखे होते, पाण्यात विरघळणारे, बोटाला चिकटणारे, वाऱ्याने उडणारे. तेच द्रव्य एखाद्या अखंड, अविद्राव्य ठोकळ्यात बांधलेले असते, तर त्या ठोकळ्याजवळ जाणाऱ्याला धोका झाला असता, पण ते शहरभर पसरले नसते. किरणोत्सार विझवता येत नाही. आग पाण्याने विझते, विषावर उतारा असतो, पण सीझियमच्या अणूचे विघटन थांबवणारे किंवा घाईने संपवणारे व्यवहार्य साधन माणसाजवळ नाही. तो आपल्या गतीनेच शमतो. त्याचे अर्धायुष्य ३० वर्षांचे; म्हणजे ३० वर्षांनी निम्मा, ६० वर्षांनी पाव, १०० वर्षांनी सुमारे दहावा भाग आणि ३०० वर्षांनी सुमारे हजारावा भाग उरतो. माणसाच्या हाती उरते ती राखण. तोवर ते द्रव्य जागचे हलू नये, पाण्याबरोबर वाहू नये, एवढीच तजवीज करावयाची. किरणोत्सारी कचऱ्याच्या व्यवस्थापनाचे सारे शास्त्र या एका वाक्यात येते.

सर्व कचरा एका मोलाचा नसतो, हेही सांगितले पाहिजे, कारण 'अणुकचरा' हा शब्द उच्चारताच लोकांच्या डोळ्यांपुढे एकच भयंकर वस्तू उभी राहते. जगभरातील हिशेब पाहिला तर आकारमानाने सुमारे ९० टक्के कचरा हा कमी पातळीचा असतो आणि त्यात एकूण किरणोत्साराचा जेमतेम एक टक्का सामावलेला असतो. हातमोजे, पुसण्याची फडकी, गाळण्या, जुने नळ, धुण्याचे पाणी. उलट वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया केल्यानंतर उरणारा जहाल द्रव आकारमानाने सुमारे तीन टक्के, पण ९५ टक्के किरणोत्सार त्याच्या पोटात. या जहाल द्रवाला सिमेंट पुरत नाही. तो काचेत वितळवून बांधावा लागतो. तारापूर येथे १९८० च्या दशकात हे काचीकरण सुरू झाले, पुढे ट्रॉम्बे आणि कल्पाक्कम येथेही झाले. ट्रॉम्बेच्या द्रवात सल्फेट असल्याने नेहमीच्या काचेत तो नीट मिसळेना, तेव्हा भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी बेरियम घातलेली निराळी काच सिद्ध केली. त्याची कथा स्वतंत्र व्याख्यानाची आहे. सिमेंट लागते ते मधल्या आणि खालच्या पातळीच्या कचऱ्याला, म्हणजे ज्याचे ढीग मोठे असतात त्याला.

सिमेंटच का? उत्तर काहीसे गवंड्याचे आणि काहीसे रसायनशास्त्रज्ञाचे आहे. ते स्वस्त आहे, सर्वत्र मिळते, भट्टी लागत नाही, पाण्याशी सख्य असल्याने पाणीदार गाळ वाळवत बसावा लागत नाही. तोच गाळ आणि तेच पाणी सिमेंटमध्ये कालवता येते. दोनशे लिटरच्या पिंपात कचरा घालायचा, सिमेंट सोडायचे, आतल्या आत घुसळायचे आणि घट्ट होऊ द्यायचे. हे सारे जाड भिंतीआडून, दूरनियंत्रणाने. पण सिमेंटचा खरा गुण रासायनिक आहे. पाण्याशी संयोग झाला की त्यात कॅल्शियम आणि सिलिका यांचे एक चिवट जेलसदृश संयुग तयार होते आणि त्याच्या सूक्ष्म छिद्रांतले पाणी तीव्र अल्कधर्मी बनते, सामू १२ च्या वर. इतक्या अल्कधर्मी पाण्यात बहुतेक जड धातू विरघळतच नाहीत. त्यांचा साका खाली बसतो. म्हणजे सिमेंटची भिंत ही केवळ भिंत नव्हे, भिंतीच्या आतल्या प्रत्येक थेंबातही पहारा बसवलेला असतो. प्लुटोनियम, युरेनियम, कोबाल्ट यांना हा पहारा चांगला जाचतो. स्ट्रॉन्शियम हे कॅल्शियमचे भावंड असल्याने त्याच्या जागी काही अंशी सामावून जाते.

जाचत नाही ते सीझियमला. ते सोडियम-पोटॅशियमच्या कुळातले. अल्कधर्मी पाण्यातही मजेत विरघळते आणि छिद्राछिद्रातून बाहेर पडू पाहते. त्यासाठी सिमेंटमध्ये बेंटोनाइट, व्हर्मिक्युलाइट यांसारखी थरथरांची खनिजे मिसळतात. या खनिजांच्या थरांमध्ये सीझियमचा आयन अडकून बसतो, जसा पुस्तकाच्या पानांत मोरपिसाचा देठ.

सीझियमच्या बाबतीत भारतीय शास्त्रज्ञांनी आणखी एक वाट काढली. सिमेंटमध्ये घालण्याआधीच ते द्रवातून वेचून घ्यायचे. त्यासाठी रिसॉर्सिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून केलेले एक खास रेझिन भाभा केंद्रात विकसित झाले. त्यातून द्रव गाळला की सीझियम रेझिनला धरून राहते, आणि उरलेला द्रव इतका निवळतो की त्याला पुढे सौम्य उपचार पुरतो. वेचलेले सीझियम काचेत ओतून त्याच्या कांड्या केल्या गेल्या आणि २०१० च्या दशकात त्या रक्तपेढ्यांतील किरणयंत्रांसाठी वापरात आल्या. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला रक्त देण्याआधी त्यावर किरणांचा मारा करावा लागतो, नाहीतर दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटतात. जगात अशा अनेक यंत्रांत सीझियम क्लोराईडची भुकटीच वापरली जात आली आहे, म्हणजे गोयानियात होती तीच. भारतीय कांडी काचेची आहे. फुटली तरी तिचे तुकडे होतील, भुकटी उधळणार नाही. अशा गोष्टींची वर्तमानपत्रांनी चौकटसुद्धा करू नये याचे नवल वाटते.

परंतु सिमेंटचे गोडवे गाताना त्याचे रुसवेही सांगायला हवेत. कोणत्याही गवंड्याला विचारावे, सिमेंटमध्ये साखर पडली तर काय होते? ते धरतच नाही. (आपल्या जुन्या चुन्यात गूळ घालत असत, सिमेंटला तो मान्य नाही.) किरणोत्सारी कचऱ्यात साखर नसते, पण तिचे चुलत भाऊ असतात. अनेक भट्ट्यांत बोरिक आम्ल वापरले जाते. त्याचे बोरेट सिमेंटचे घट्ट होणे रोखून धरते. पाणी शुद्ध करणाऱ्या रेझिनचे बारीक मणी पाणी पिऊन फुगतात आणि घट्ट झालेला ठोकळा आतून फोडतात. अ‍ॅल्युमिनियम अल्कधर्मी पाण्यात गंजताना हायड्रोजन वायू सोडते. ट्रॉम्बेच्या सायरस आणि ध्रुव या भट्ट्यांच्या इंधनाचे वेष्टन अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने हा प्रश्न आपल्याला पुस्तकातला नव्हता. उलट इंग्लंडमधील मॅग्नॉक्स भट्ट्यांच्या इंधनाचे वेष्टन मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे, आणि मॅग्नेशियम तीव्र अल्कधर्मी वातावरणात फार हळू गंजते. म्हणून सेलाफील्ड येथे १९९० पासून त्याची सोललेली साले पाचशे लिटरच्या पोलादी पिंपांत भट्टीची मळी मिसळलेल्या सिमेंटने बंद करण्यात आली. एक धातू सिमेंटचा वैरी, शेजारचा दुसरा त्याचा मित्र. म्हणूनच प्रत्येक कचऱ्यासाठी सिमेंटचा पाठ निराळा असतो, आणि तो आधी प्रयोगशाळेत लहान ठोकळे पाडून, त्यांची दाबक्षमता मोजून, ते पाण्यात दीर्घकाळ बुडवून किती द्रव्य झिरपते याचे माप घेऊन ठरवावा लागतो. पोलादाच्या भट्टीची मळी आणि वीजकेंद्राची राख या दोन 'टाकाऊ' वस्तू येथे मोलाच्या ठरतात. त्या मिसळल्या की सिमेंट घट्ट होताना कमी तापते आणि छिद्रे बारीक होतात.

पाठ चुकला तर काय होते हे बेल्जियमने पाहिले आहे. तेथील डूल अणुवीज केंद्रातील कचरा सिमेंटमध्ये बांधून पिंपांत भरून ठेवला होता. २०१३ साली तपासणीत काही पिंपांतून पिवळसर चिकट जेल बाहेर येताना दिसले. शोध घेता कारण निघाले ते स्थापत्य अभियंत्यांच्या नित्य परिचयाचे : सिमेंटमधील अल्कली आणि खडीतील सिलिका यांची परस्परांवर अभिक्रिया. तिच्यातून निघणारे जेल पाणी शोषून फुगते. आपल्या रिहंद आणि हिराकुड धरणांच्या काँक्रीटलाही याच व्याधीने ग्रासले होते. म्हणजे अणुशास्त्राने येथे दगा दिला नव्हता. दगा दिला होता खडीने. हजारो पिंपांविषयी शंका निर्माण झाली आणि ती जमिनीत पुरण्याजोगी राहिली नाहीत. सुदैव एवढेच की ती अजून साठवणीच्या इमारतीत होती, उघड्या डोळ्यांसमोर. घाईने पुरली असती तर?

घाईने टाकून देण्याचा अनुभवही जगाजवळ आहे. १९४६ पासून काही प्रगत देशांनी असा कचरा पिंपांत घालून, कित्येकदा सिमेंटचे वजन देऊन, सरळ समुद्रात सोडला. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फॅरेलॉन बेटांपाशी १९७० पर्यंत सुमारे ४७,८०० पिंपे टाकली गेली. ईशान्य अटलांटिकमध्ये युरोपीय देशांनी दोन लाखांहून अधिक पिंपे टाकली. २०२५ च्या उन्हाळ्यात फ्रेंच शास्त्रज्ञांच्या मोहिमेने त्यांपैकी तीन हजारांहून अधिक तळाशी शोधून काढली. १९८३ साली या प्रकाराला तात्पुरता आणि १९९३ साली कायमचा मज्जाव झाला. आज पर्यावरणावर जगाला प्रवचने देणाऱ्यांच्या पूर्वायुष्यातले हे पान अधूनमधून उघडून पाहावे. आणखी एक तुलना. अमेरिकेच्या हॅनफर्ड येथे अण्वस्त्रनिर्मितीतून उरलेला द्रव १७७ भूमिगत टाक्यांत दशकानुदशके पडून आहे. त्यातला एक भाग काचेत बांधण्याचे काम २०२५ साली कुठे सुरू झाले, आणि कमी जहाल भाग काचेऐवजी सिमेंटमध्ये बांधावा की नाही यावर तेथे अद्याप खल चालू आहे. तेथील साठा आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठा आहे, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे.

आता आपल्या खंदकांकडे. भारतात घट्ट केलेला कमी आणि मध्यम पातळीचा कचरा अणुकेंद्रांच्याच आवारात, जमिनीच्या पृष्ठभागालगत ठेवला जातो. अगदी सौम्य कचऱ्यासाठी दगडी अस्तराचे चर, त्याहून तीव्र असेल तर प्रबलित काँक्रीटचे खंदक, आणि सर्वांत तीव्र असेल तर उभ्या, विहिरीसारख्या अरुंद कूपिका. वर काँक्रीटचे झाकण आणि जलरोधक लेप. भोवती बोअरवेल, ज्यांतील पाण्याचे नमुने नियमाने तपासले जातात. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक प्लुटोनियम असलेला कचरा मात्र या खंदकांत जाऊ शकत नाही. प्लुटोनियमचे अर्धायुष्य २४ हजार वर्षांचे. त्याच्यापुढे तीनशे वर्षांची राखण म्हणजे पापणी लवण्याइतकी. त्याला आणि काचेच्या ठोकळ्यांना खोल भूगर्भातील भांडार लागेल, आणि ते आपल्या देशात अद्याप नाही. १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीच्या एका सोडून दिलेल्या भागात त्या दिशेने उष्णतेचे प्रयोग झाले होते.

खंदकाचा वैरी एकच, पाणी. आणि तारापूर, ट्रॉम्बे ही दोन्ही ठिकाणे कोकणपट्टीतली, जेथे चार महिने आभाळ फाटलेले असते. युरोपातील पाठ्यपुस्तके वाचून हे खंदक बांधता येत नाहीत. कोकणातल्या माणसाच्या मनात एक शंका रास्तपणे येते. समुद्रकाठच्या इमारतींच्या गच्च्या तीस-चाळीस वर्षांत उकलतात, सळ्या गंजून बाहेर डोकावतात, आणि तेच सिमेंट तीनशे वर्षे टिकेल म्हणता? शंका खोडून काढण्याजोगी नाही; तिला उत्तर द्यावे लागते. इमारतीचे सिमेंट बहुधा सळई गंजल्याने फुटते. गंज फुगतो आणि काँक्रीट उचकटतो. पिंपातल्या कचऱ्याच्या ठोकळ्यात सळई नसते आणि त्याला कोणाचा भार पेलायचा नसतो. जागच्या जागी राहणे एवढेच त्याचे काम. खंदकाच्या भिंतीत सळई असते हे खरे, पण ती भिंत अनेक अडसरांपैकी एक आहे. एक अडसर ढासळला तर दुसरा उभा असावा, अशी ही रचना असते. शिवाय पहिल्या शंभर वर्षांतच सीझियमचा जोर दहाव्या भागावर येतो. म्हणजे सिमेंट ज्या काळात सर्वांत धडधाकट असते, त्याच काळात त्याची सर्वाधिक गरज असते.

तरीही प्रामाणिकपणे म्हणावे लागते की आधुनिक सिमेंट हेच मुळी दोनशे वर्षांचे आहे. जोसेफ अ‍ॅस्पडिन याने त्याचे पेटंट घेतले १८२४ साली. जे स्वतः तीनशे वर्षांचे झाले नाही, त्याची तीनशे वर्षांची हमी गणिताने आणि प्रयोगांनी काढावी लागते. म्हणून शास्त्रज्ञ जुन्या बांधकामांकडे वळतात. रोमन लोकांचे ज्वालामुखीची राख मिसळलेले काँक्रीट दोन हजार वर्षे उभे आहे. आपल्याकडे चुन्यात भाजलेल्या विटांची सुरखी मिसळत, तिच्यामागचे रसायनही त्याच जातीचे. १६६४ साली शिवछत्रपतींनी मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचा पाया घातला. साडेतीनशेहून अधिक पावसाळे आणि अहोरात्र लाटा खाऊन त्याचा तट उभा आहे. त्याची पडझड झाली, डागडुजीही करावी लागली, हे विसरून चालणार नाही. पण डागडुजी करायला कोणीतरी होते.

या 'कोणीतरी'पाशी सारा प्रश्न येऊन थांबतो. खंदक बंद केल्यावर तीनशे वर्षे त्या जागेवर संस्थेची देखरेख राहील, हे गृहीत धरूनच त्याचा आराखडा केला जातो. तीनशे वर्षे मागे गेले तर साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज आहेत, पेशवेपदावर पहिले बाजीराव आहेत आणि शनिवारवाड्याचा पाया अजून खणलेला नाही. त्या वेळी कोणी एका जागेभोवती कुंपण घालून 'येथे खणू नये' असा हुकूम काढला असता, तर तो आजपर्यंत पाळला गेला असता काय? मधल्या काळात पेशवाई गेली, इंग्रज आले आणि गेले, वाडा १८२८ च्या आगीत जळाला. हुकूम मोडी लिपीत असता, आणि आज मोडी सराईतपणे वाचणारे किती उरले, हे पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल सोडून बसणाऱ्या अभ्यासकांना विचारावे. देवस्थानाच्या इनामाची, देवराईची स्मृती मात्र तेवढा काळ टिकली, कारण गाव ती आपली मानत होते. तारापूरच्या आवारातील खंदकाची नोंद आजूबाजूच्या गावाने कधी पाहिलेली असते काय, हा विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

फ्रान्सच्या ला मांश येथील केंद्रात १९६९ ते १९९४ या काळात सुमारे ५ लाख २७ हजार घनमीटर कचरा ठेवला गेला आणि वर आच्छादन घालून ते बंद करण्यात आले. तेथेही राखणीची मुदत तीनशे वर्षांचीच धरली आहे. कोणत्या खणात काय आहे याची तपशीलवार नोंद त्यांनी संगणकावर विसंबून ठेवली नाही. शतकानुशतके टिकेल अशा खास कागदावर ती छापून घेतली. एक प्रत केंद्रात आहे, दुसरी राष्ट्रीय अभिलेखागारात.